मापात पाप

आमचे अब्बा टेलर होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत त्यांचे छोटेसे दुकान होते. दोन मशीन, एक कटिंगचे टेबल आणि खिळ्याला टांगलेली माप-वही. त्या लांबट वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, उंची असे आकडे मांडलेले असत. कडेला कधी कधी बारीक अक्षरात टीप असे : 'डावा खांदा उतरता', 'पोट पुढे', 'पाठीला बाक'. वजनाचा रकाना त्या वहीत कधीच नव्हता. ईदच्या आधीच्या गर्दीत आम्ही एकदा एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचा कुर्ता गेल्या वर्षीच्या मापावर कापायला घेतला. अब्बांनी आमच्या हातातली कात्री काढून घेतली. "वर्ष झालंय. आधी माप घे," इतकेच ते म्हणाले. आम्ही कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "कपडा बिघडला तर तो घालणाऱ्याचा बिघडतो, आपला नाही. म्हणून मापात पाप नको."

अब्बांचे हे वाक्य आम्ही तीस-पस्तीस वर्षे विसरलो होतो. ते आठवण्याला आमच्याच घरातली दोन माणसे कारणीभूत झाली. एक आमचा धाकटा भाऊ, दुसरी आमच्या आपाची मुलगी.

भाऊ एका कचेरीत कारकून आहे. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, निघतो. भावाचा आकडा २२.१ येतो. १८.५ ते २५ या पट्ट्यात बसणाऱ्याला जगभर निरोगी वजनाचा समजतात. त्याच्या कचेरीत आरोग्य शिबिर झाले तेव्हा उंची-वजन घेऊन ज्यांचा आकडा २५ च्या वर होता त्यांचीच साखर तपासली गेली. पट्ट्या मोजक्या होत्या, रांग मोठी होती. भावाच्या कार्डावर 'नॉर्मल' असा शेरा पडला. ते कार्ड त्याने घरी सगळ्यांना दाखवले.

भाचीची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. आकडा २६.८. ती शाळेत शिकवते, रोज दीड-दोन मैल पायी जाते, घरी आल्यावर घरकाम करते. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. बायोडेटावर हल्ली उंचीबरोबर वजनही विचारतात. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला : मुलगी पसंत आहे, जरा वजन कमी केले तर बरे. हा निरोप तिच्यापर्यंत पोहोचवायचे काम आमच्याकडे आले, कारण घरातले शिकलेले आम्ही. आम्ही नुसता निरोप पोहोचवला नाही. कागद-पेन घेतले, तिच्यासमोर भागाकार केला आणि 'शास्त्रानुसार' ती लठ्ठ असल्याचे सिद्ध करून दाखवले.

त्यानंतर कित्येक महिने आमच्या दस्तरखानावर एक प्रकार चाले. भावाच्या ताटात सालन संपले की अम्मी म्हणायची, "अजून घे, किती वाळलायस." भाचीचा हात रोटीकडे गेला की आम्ही म्हणायचो, "पुरे बेटा." एकाच दस्तरखानावर एकाला वाढणे आणि एकीला रोखणे आम्ही त्या आकड्याच्या जोरावर करीत होतो, आणि त्यात आम्हाला आपण काही वाईट करीत आहोत असे वाटत नव्हते.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. भावाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली. जखम भरेना. तपासले तेव्हा साखर तीनशेच्या वर. हा आजार आजचा नाही, काही वर्षांचा असावा, असे डॉक्टर म्हणाले. अंगठा काढावा लागला. भाची एक दिवस वर्गात चक्कर येऊन पडली. तिची साखर, रक्तदाब, चरबी सगळे ठीक निघाले. हिमोग्लोबिन मात्र ८ होते. अंगात जास्त काय आहे ते आम्ही तिला रोज सांगत होतो. कमी काय आहे ते पाहण्याचे आम्हाला सुचले नव्हते.

दोन माणसांवरून शास्त्र खोटे ठरत नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून प्रश्न नीट मांडायला हवा. हा आकडा लठ्ठपणाचे विश्वसनीय माप आहे का? आणि नसेल, तर त्याच्या आधारे माणसाला जोखणे ही केवळ चूक आहे, की अन्यायही आहे?

आधी या आकड्याचे कूळ पाहू. त्याचा जन्म दवाखान्यात झालेला नाही. ॲडॉल्फ केटले हा बेल्जियमचा गणिती व खगोलशास्त्रज्ञ. जन्म १७९६, मृत्यू १८७४. प्रौढ माणसांची वजने साधारणपणे त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, असे त्याने १८३० च्या दशकात दाखवून दिले. त्याला लठ्ठपणाचे काही पडलेले नव्हते. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. १८३५ साली त्याचा माणसावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि 'सरासरी माणूस' ही कल्पना युरोपभर गाजली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण मूळ गोंधळ येथे आहे. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा वेगळे आकडे येतात. त्यांची सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि ताऱ्याची खरी जागा हाती लागते. ही खगोलशास्त्राची रीत झाली. केटलेने ती माणसांना लावली. पण तारा एकच असतो, त्याची एक खरी जागा असते. माणसांचे तसे नाही. कुठे तरी एक खरा माणूस आहे आणि आपण बाकीचे सगळे त्याच्या चुकलेल्या नकला आहोत, असे मानायला कोणताच आधार नाही. सरासरीपासून दूर असणे ही ताऱ्याच्या मोजणीत चूक असते. माणसात तो नुसता फरक असतो. फरकाला चूक म्हणायची सवय तेव्हापासून लागली ती आजपर्यंत सुटलेली नाही.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते केले. विमा उतरवलेल्यांपैकी कोण लवकर मरते, हा त्यांचा व्यवहारी प्रश्न होता. पुढे १९७२ साली ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापे घेऊन निरनिराळी सूत्रे तपासली. केटलेचे जुने सूत्र त्यातल्या त्यात बरे ठरले. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्यांनीच रूढ केले. ते पाच देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. त्यात भारत नव्हता आणि बायका नव्हत्या. स्वतः कीज यांनीही हे माप परिपूर्ण असल्याचा दावा केला नव्हता. ते माणसांच्या समूहाचा अभ्यास करीत होते. आमच्या भाचीचे लग्न ठरवायला त्यांनी ते सूत्र दिले नव्हते.

आता हा आकडा काय पाहतो आणि काय पाहत नाही, ते बघू. तो फक्त दोन गोष्टी पाहतो, वजन आणि उंची. वजनात हाड किती, स्नायू किती, पाणी किती, चरबी किती, हे त्याला कळत नाही. म्हणून ओझी उचलणारा हमाल आणि गादीवर बसणारा शेटजी एकाच आकड्यात बसू शकतात. वय वाढले की स्नायू झिजतात आणि त्या जागी चरबी येते. वजन तेच राहते, आकडाही तोच. सारख्याच आकड्याच्या स्त्री-पुरुषांत स्त्रीच्या अंगात चरबी अधिक असते. ते निसर्गाचे आहे, आजार नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे चरबी कुठे आहे, हे त्याला दिसत नाही. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात साचणारी चरबी घातक असते. मधुमेह आणि हृदयविकार यांचे नाते तिच्याशी जास्त आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या पुण्याचा आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. क्ष-किरणाच्या यंत्राने चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आकडा एक, चरबी दुपटीहून जास्त.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता व मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. तेथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या साऊदॅम्प्टनमधल्या गोऱ्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे हडकुळेपणा आणि चरबी दोन्ही बरोबर घेऊनच आपले मूल जन्माला येते. आईची कुपोषित अवस्था हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तेव्हा वाळलेल्या अंगावरचे वाढलेले पोट हा नुसता खादाडपणाचा हिशेब नाही, त्यात आजी-पणजीच्या उपाशीपणाचाही वाटा असू शकतो. हे समजल्यावर जाड माणसाला 'खादाड' आणि 'आळशी' म्हणताना निदान जीभ चाचरली पाहिजे.

यावर उपाय म्हणून रेषा खाली आणण्यात आली. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असे ठरवले. अमेरिकेतही १९९८ साली जास्त वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ वरून आणि स्त्रियांसाठी २७.३ वरून २५ वर आणली गेली. तेव्हा अडीच कोटींहून अधिक माणसे एक किलोही न वाढता 'जास्त वजनाची' झाली. यावरून रेषा मनमानी असते असे आम्ही म्हणणार नाही. धोका हळूहळू चढत जातो, कुठे तरी खूण करावीच लागते. पण ती खूण माणसांनी केलेली आहे, एवढे लक्षात ठेवावे. शिवाय गंमत पाहा. रेषा २३ वर आणली तरी आमचा २२.१ चा भाऊ तिच्या खालीच राहतो, आणि २२.३ चे याज्ञिकही. भाची मात्र आणखी दोषी ठरते. ज्या मापाला चरबी दिसतच नाही, त्याची रेषा वर-खाली करून ते डोळस होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचेच बघा. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २५ किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेल्या स्त्रिया २४.० टक्के आणि पुरुष २२.९ टक्के आढळले. त्याच पाहणीत प्रथमच कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर मोजले गेले. त्या मापाने धोक्यात निघाल्या ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष. आणि त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आमच्या घरातली दोन माणसे अपवाद नव्हती, हे आम्हाला या आकड्यांनी सांगितले.

मग हा आकडा फेकून द्यावा काय? आमचे तसे म्हणणे नाही. त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो फुकट आहे. वजनकाटा आणि भिंतीवरची खूण असली की झाले. कुणीही मोजले तरी तोच येतो. कपडे उतरवावे लागत नाहीत. एका देशात दहा वर्षांत वजने कशी बदलली हे त्याच्याइतके सोपे कोणी सांगत नाही, कारण चूक असली तरी दर वेळी तीच चूक असते. १८.५ च्या खाली किती माणसे आहेत यावरून भुकेचा अंदाज घेतात, तोही याच आकड्याने. आणि आकडा फार मोठा, चाळीसच्या वर असला, तर तो सहसा चुकत नाही. आकडा भरवशाचा नाही म्हणजे चरबी निरुपद्रवी आहे, असा अर्थ कुणी काढू नये. पंगतीत तिसऱ्यांदा बिर्याणी घेणाऱ्याला हा लेख ढाल म्हणून वापरता येणार नाही.

आम्हाला वाटते, भेद करायचा तो वापरात. मापाचे तीन वापर असतात : मोजणी, चाळणी आणि निवाडा. मोजणीत हजारो माणसांचा अंदाज घेतला जातो. तो चुकला तर धोरण चुकेल, पण तेवढ्यावर कुणा एकाच्या तोंडावर शिक्का बसत नाही. चाळणीत माणसे निवडली जातात, पुढे तपासायचे कुणाला आणि सोडायचे कुणाला. येथे चूक माणसाला लागते. भावाच्या शिबिरात हेच झाले. चाळणीला एकच भोक होते, आणि ते चुकीच्या आकाराचे होते. निवाडा ही तिसरी पायरी. येथे आकडा माणसाच्या तोंडावर सांगितला जातो : तू लठ्ठ आहेस, तुला आवर नाही, तुला नवरा मिळणार नाही. भाचीच्या बाबतीत आम्ही हेच केले. मोजणीसाठी केलेले माप चाळणीला वापरणे ही आळसाची चूक, पण ते निवाड्याला वापरणे हा अन्याय. कारण चुकीची किंमत मोजणारा देत नाही, मोजला जाणारा देतो. अब्बांचे वाक्य याच ठिकाणी लागू पडते.

आणि अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. निर्दोष माणसाला दोषी ठरवणे आपल्याला लगेच खटकते. धोक्यात असलेल्याला निर्धास्त करणे तितके खटकत नाही, कारण त्यात कुणाचा अपमान होत नाही. पण आमच्या घरात अपमान झालेली मुलगी बरी झाली. कौतुक झालेल्या भावाचा अंगठा परत आला नाही.

यावर कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात डॉक्टरला एका रोग्यासाठी दोन मिनिटे मिळतात, तेथे हे सोस कसे परवडावेत? पण टेप काही रुपयांना मिळते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवी धरून, न आवळता माप घ्यायचे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असे आपल्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच सांगितले आहे. त्याहून सोपे म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. उंचीइतका दोरा घ्या, दुहेरी करा, कमरेभोवती पुरतो का पाहा. खरी अडचण निराळी आहे. आपल्याकडे बाईच्या कमरेला टेप लावायची तर मोजणारी बाई हवी आणि मध्ये एक पडदा हवा. हे दोन्ही नसले म्हणजे काट्यावर उभे करून मोकळे व्हायचे, अशी पद्धत पडते. म्हणजे शास्त्राला दुसरे माप माहीत नसते असे नाही. तेवढा मान आणि तेवढा वेळ आपण समोरच्याला देत नाही.

शास्त्र आपली चूक सुधारीत आहे. २०२३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने बीएमआय एकट्याने वापरू नये असे धोरण स्वीकारले. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवले की, लठ्ठपणाचे निदान या एका आकड्यावर करू नये. कंबर मोजावी किंवा चरबी मोजावी, आणि त्या चरबीने शरीराचे काम बिघडले आहे का ते पाहावे. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही नवी मांडणी केली, तिच्यात कंबर आणि शरीरावर झालेले परिणाम यांना जागा दिली. आमच्या भाषेत सांगायचे तर डॉक्टर मंडळी रेडीमेडवरून पुन्हा मापाकडे येत आहेत. रेडीमेड वाईट नसते. कारखान्याला स्मॉल, मीडियम, लार्ज करावेच लागते. पण माणूस दुकानात समोर उभा असताना त्याला लेबल दाखवून 'तुझेच अंग चुकीचे आहे' असे कुणी टेलर म्हणत नाही.

आता आमची बाकी. आम्ही आपाकडे गेलो आणि भाचीची माफी मागितली. मुलाकडच्यांचे स्थळ तिने स्वतःच नाकारले होते, तेव्हा तो विषय नव्हता. तिने सगळे ऐकून घेतले. मग आत जाऊन अब्बांची जुनी टेप आणि माप-वही घेऊन आली. दुकान बंद झाल्यापासून ती आपाकडेच असते. "मामू, उभे राहा," म्हणाली. आमचा बीएमआय २३ च्या आत आहे, हे आम्ही तिला त्या दिवशी भागाकार करताना अभिमानाने सांगितले होते. तिने टेप लावली. कंबर ९६ निघाली. उंची १६८ असल्याने ८४ च्या पुढे जायला नको होती.

वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिने आमचे नाव लिहिले, तारीख घातली, आकडा लिहिला. मग अब्बा लिहीत तसेच कडेला बारीक अक्षरात लिहिले : 'पोट पुढे'. आणि म्हणाली, "उद्या सकाळी उपाशीपोटी साखर तपासून या. मग जेवायला बसू."